चाकाच्या आतलं मेण

गाडी जावयाची होती, म्हणून तर सगळा घोळ झाला. स्वतःची असती तर पॉलिशवाल्यांनी तिच्यावर दोन तांबे पाणी ओतून, फडकं मारून विषय संपवला असता. पण जावयाची वस्तू दारात उभी राहिली की सासऱ्याला जरा जास्तच सुचतं. त्यातून हे सासरे म्हणजे उभा जन्म लाकडाला पॉलिश करण्यात घालवलेला माणूस. गुडघे बोलायला लागल्यापासून काम सुटलं होतं, पण हात काही स्वस्थ बसत नव्हते. घरातल्या खुर्च्या चमकवून झाल्या, दाराच्या कड्या झाल्या, मिठाच्या बरणीवरची फुलं तर पुसून पुसून पार घालवली. "आता माझंच तोंड तेवढं राहिलंय," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

जावई वाईट होता का? छे! गरीब गाय. पण तो कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. पॉलिशवाल्यांनी ठरवून टाकलं होतं की जावयाला आपला धंदा हलका वाटतो. कशावरून? तर लग्नात हात मिळवला तेव्हा त्यानं हात फार लवकर सोडला. आता बोला!

तर ही गाडी, गडद निळी, आणि ती चालवत आली होती त्यांची लेक. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण लहानपणी ती एका जागी कधी टिकली नाही. पण तीच भिंगरी गाडीत बसली की दगड व्हायची. खांदे कानापर्यंत वर, दोन्ही मुठी आवळलेल्या, मान सरळ. लायसन्स नवं होतं. नवरा कामासाठी बाहेरगावी गेलेला, तेव्हा ती आपल्या पोरीला घेऊन दोन दिवसांसाठी माहेरी आली. नवरा परतायचा तो खालच्या स्टेशनवर. "मी येते घ्यायला," असं ती फोनवर बोलून गेली आणि तेव्हापासून तिला ते शब्द परत घ्यावेसे वाटत होते. कारण घर टेकडीच्या माथ्यावर, स्टेशन पायथ्याशी, आणि मध्ये तो उतार. एका अंगाला डोंगर कापून बांधलेली दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला गुडघाभर कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीही नाही.

ती चढून आली होती ते निराळं. चढताना गाडी ओढावी लागते, उतरताना थांबवावी लागते.

आदल्या संध्याकाळी ऊन भिंतीपलीकडे गेल्यावर पॉलिशवाल्यांनी दोन बादल्या बाहेर काढल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत नुसतं. फडकं साबणात बुडवून गाडीवर फिरवायचं, आणि पुन्हा साबणात घालण्याआधी नुसत्या पाण्यात खळबळून काढायचं. नाहीतर फडक्यात अडकलेली माती रंगावर ओरखडे उठवते. बायकोनं भांड्यांचा साबण पुढे केला तर अंगावरच गेले. "होती नव्हती ती चमक घालवायचीय का?" आधी छत, मग काचा, मग दारं, चाकं सगळ्यात शेवटी. जुन्या मऊ कापडानं पाणी टिपून घेतलं. पुसलं नाही हं, टिपलं. मग मेणाचा डबा उघडला. बोटावर येईल इतकंच मेण, हातभर जागेत गोल गोल, आणि ते पांढुरकं होईपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही. मग कोरड्या कापडानं उतरवायचं, आणि पुन्हा दुसरा हात. लाकूड काय, पत्रा काय, पातळ थर आणि सबुरी असली की झालं, असं ते बायकोला सांगत होते. ती ऐकत नव्हती.

दिवे लागले तेव्हा गाडीच्या पुढच्या पत्र्यात समोरच्या घराची खिडकी दिसत होती, आणि खिडकीतली बाईसुद्धा. भिंगरी बाहेर आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. "बाबा! अहो आरसा केलात की हिचा!" पॉलिशवाल्यांनी जेवताना दोनदा मागून भात घेतला.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण नाही!

सकाळी दूध आणायला निघाले आणि पुढच्या चाकापाशी थबकले. चाकाच्या आऱ्यांमधून आत एक लोखंडी ताटली दिसत होती, जेवायच्या ताटाएवढी. काल ती लखलखत होती. आज तिच्यावर नारिंगी गंज चढला होता. वाकून दुसऱ्या बाजूला बघितलं, तिथंही तेच. पॉलिशवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काल पाणी कोणी ओतलं? आपणच. सासऱ्यानं जावयाची गाडी धुतली आणि एका रात्रीत गंजवली! मागची चाकं बघितली तर तिथं नुसता बंद डबा होता, चमकण्यासारखं काही नव्हतं. पण पुढं दोन्हीकडे गंज.

हा माणूस कपाटाची भिंतीकडची बाजूसुद्धा पॉलिश करायचा. ती कोणाला दिसत नाही, हे त्याला कधी मान्यच नव्हतं. मग आता काय विचारता? दुधाची पिशवी तशीच खुंटीला गेली. बारीक पॉलिश पेपर आला, बसायला स्टूल आलं. आऱ्यांमधून बोटं घालून त्यांनी ताटली घासली, पुसली, आणि तिला मेण लावलं. एक हात, दोन हात, तीन हात. ताटलीच्या मागच्या अंगालाही बोटं वाकडी करून लावलं. आणि इथलं मेण उतरवलं नाही. पुन्हा ओल लागली तर गंज नको, म्हणून दाट तसंच राहू दिलं. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, की मी गाडी गंजवली होती?

भिंगरी नाश्ता करून निघाली. पोरीलाही नेणार होती, पण ती आंघोळीच्या पाण्यात बसली होती आणि बाहेर यायचं नावच घेईना. "राहू दे गं," आजी म्हणाली, "येशील तासाभरात." पॉलिशवाले गाडीच्या खिडकीशी गेले. "फोन पर्समध्ये. आवाज बंद. कोणाचाही आला तरी घ्यायचा नाही. माझासुद्धा."

"हो बाबा."

"शपथ?"

"शपथ!" असं म्हणून तिनं दोन्ही मुठी आवळल्या आणि गाडी निघाली. गल्लीच्या टोकाशी वळली तेव्हा सकाळच्या उन्हात अशी चमकली की पॉलिशवाल्यांचा ऊर भरून आला.

शेजारचे ड्रायव्हर रात्रपाळी उरकून आले तेव्हा पॉलिशवाले अंगणातल्या तारेवर फडकी वाळत घालत होते. ड्रायव्हर म्हणजे बसचे, त्याच उतारावर हयात गेलेली. "काल काय रंग दिला की काय गाडीला?" ते भिंतीवरून म्हणाले. "गल्लीत तुमच्याच गाडीचं कौतुक चाललंय."

झालं! कौतुकाला भुलणार नाही तो माणूस कसला? पॉलिशवाल्यांनी दोन बादल्यांपासून सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता जे सांगायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं. "अहो, चाकाच्या आतली ताटलीसुद्धा सोडली नाही. गंज धरला होता. घासली आणि तीन हात मेण. आता वर्षभर बघायला नको."

ड्रायव्हर हसत होते ते थांबले. "कुठली ताटली?"

"ती हो, आत फिरते ती. पुढच्या दोन चाकांची."

"मेण लावलंत? तिला?"

"का? काय झालं?"

"अहो," ड्रायव्हर भिंतीला धरून म्हणाले, "ब्रेक दाबला की त्या ताटलीलाच तर पकड बसते. ती पकडून चाक थांबवायचं असतं. तिला मेण म्हणजे... गाडी कुठंय?"

पॉलिशवाल्यांनी गल्लीच्या टोकाकडे बघितलं. 

"कुठं गेलीय पोरगी?"

"स्टेशनवर."

"उतारानं?"

दुसरा रस्ता होताच कुठं?

"आणि तो गंज," ड्रायव्हर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गाडी चार पावलं चालली की आपोआप जातो हो. धुतली की धरतोच तो." मग एकदम भानावर आले. "फोन लावा! आधी फोन लावा!"

पॉलिशवाल्यांनी लावला. वाजला, वाजला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. लेकीनं शपथ पाळली होती. जावयाचा लागेचना, तो रेल्वेत. ड्रायव्हर तोवर स्कूटर काढायला पळाले होते, आणि आवाज ऐकून बायको बाहेर आली. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली नात होती, केसांतून पाणी गळत होतं. "काय झालं हो? असे का उभे आहात?"

सांगितलं ड्रायव्हरनीच, स्कूटरला किक मारता मारता, दोन वाक्यांत. बायको ऐकत राहिली. भांडली नाही, ओरडली नाही, आणि तीच गोष्ट पॉलिशवाल्यांना सगळ्यात भयंकर वाटली. एरवी मिठावरूनही भांडणारी बाई ती. तिनं नातीभोवतीचा टॉवेल घट्ट केला.

"आजी, आजोबा का रडतायत?"

"जा," बायको म्हणाली. "माझ्याकडे काय बघताय? जा! आणि तिला घेऊनच या."

स्कूटर बाजारातून निघाली. दुकानं बंद, रस्ता मोकळा, एका पायरीवर कुत्रं झोपलेलं. पॉलिशवाल्यांना वाटलं, बरं झालं, गर्दी नाही, लवकर पोचू. "हेच वाईट झालं," ड्रायव्हर मान न वळवता ओरडले. "आज सुट्टी बाजाराला. गर्दी असती तर इथं दहा वेळा ब्रेक मारावा लागला असता. तिला इथंच कळलं असतं, आणि मेणही थोडं जळून गेलं असतं. मोकळ्या रस्त्यावर कशाला ब्रेक दाबेल ती? पहिल्यांदा दाबेल तो उतारावर."

पॉलिशवाल्यांनी ड्रायव्हरचा सदरा दोन्ही मुठींत धरला.  या हातांनी लावलं, हीच बोटं वाकडी करून मागच्या अंगालाही लावलं. एक हात लावून थांबलो असतो तर? पण नाही, तीन! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बैल गेला तर गेला, पण लेक? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि त्यांचं मन आता वैऱ्याच्याही पुढं पळत होतं. वळणाआधी ती ब्रेकवर पाय ठेवते. पाय खाली जातो. गाडी थांबत नाही. ती पुन्हा दाबते. तिला वाटतं आपलंच काही चुकलं. ती ओरडते का? कोणाला हाक मारते? बाबा म्हणून हाक मारते?

उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर कठडा शाबूत होता. पॉलिशवाल्यांनी मान लांब करून खाली बघितलं. खाली झाडी, आणि झाडीत काहीतरी निळं.

"थांबवा! थांबवा हो!"

ड्रायव्हरनी स्कूटर थांबवली. पॉलिशवाले कठड्याशी गेले, म्हणजे गेले कसले, गुडघ्यांवर रांगले. खाली कोणाच्या तरी झोपडीच्या छपरावर निळा प्लास्टिकचा कागद टाकलेला होता. बाजूला एक बाई कपडे झटकत होती. पॉलिशवाले तिथंच ओकले.

"चला," ड्रायव्हरनी त्यांना बगलेत धरून उठवलं. "इथं बसून काय होणार?"

पुढच्या वळणावरही कठडा धड होता. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वळण दिसायच्या आधी पॉलिशवाले डोळे मिटत आणि स्कूटर वळली की उघडत. उघडायची हिंमत कुठून येत होती कोण जाणे. मग खालून एक टेम्पो वर येताना दिसला. ड्रायव्हरनी हात केला. "दादा, निळी गाडी बघितलीत का? बाई चालवतेय."

"पुढं काहीतरी झालंय," टेम्पोवाला म्हणाला. "माणसं जमलीत. गाडी निळीच वाटली. मी काही थांबलो नाही." आणि त्यानं गिअर टाकून टेम्पो वर काढला.

पॉलिशवाल्यांच्या हातून सदरा सुटला, ते मागे कलंडणार होते, ड्रायव्हरनी एका हातानं धरलं म्हणून वाचले. आता त्यांना एकच दिसत होतं. आपण परत जातोय, दार उघडं आहे, बायको उंबऱ्यात उभी आहे आणि नातीचे केस अजून ओले आहेत. नात विचारतेय आई कुठंय. काय सांगायचं तिला? आजोबांनी गाडी चमकवली, म्हणून? माझे हात घे, ते मनात म्हणत होते, कोणाला म्हणत होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, दोन्ही हात घे, डोळे घे, मला घे, पण तिला ठेव.

आणि तेवढ्यात वास आला.

जळक्या मेणाचा. हा वास त्यांच्याइतका कोणी ओळखला नसता. डब्यातलं मेण पातळ करायला शेगडीवर ठेवावं आणि लक्ष नसताना करपावं, तोच. वळणाच्या तोंडावर हवेत तो अडकून राहिला होता. "दाबलाय," ते पुटपुटले. "हिनं इथं दाबलाय."

ड्रायव्हर रस्त्याकडे बघत होते. त्यांनी वेग कमी केला. डांबरावर रबराचे दोन काळे पट्टे उठले होते, लांबच लांब, वाकडे. "हे मागच्या चाकांचे," ते म्हणाले. "मागची चाकं जाम झालीत. पॉलिशवाले, हँडब्रेक ओढलाय पोरीनं. मागं मेण लावलं होतंत का?"

"नाही. मागं डबे आहेत, बंद."

"मग देवच पावला," ड्रायव्हर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात अजून काही दम नव्हता.

पट्टे कठड्याकडे जात होते. जात जात कठड्याच्या अगदी हातभर अलीकडे आले आणि तिथून वळले, डोंगराच्या बाजूला. तिथून दगडी भिंतीवर निळी रेघ सुरू झाली होती. कमरेच्या उंचीवर, दगडांच्या टोकांवर, रंगाची जाड रेघ. पॉलिशवाल्यांना तो रंग बघवेना आणि त्यावरून नजरही काढवेना. रेघ वळणामागे गेली. स्कूटर तिच्यामागून गेली.

गाडी भिंतीला चिकटून उभी होती. एक अंग पार सोलून निघालेलं, आरसा तुटून लोंबत होता. भोवती रस्त्याचं काम करणारी चार माणसं होती. स्टिअरिंगच्या बाजूचं दार सताड उघडं, आणि आत कोणी नव्हतं.

"पोरगी कुठंय?" पॉलिशवाल्यांनी विचारलं.  "माझी पोरगी! कुठंय ती?"

खडी भरणाऱ्या एका बाईनं पाटी खाली ठेवून मागं बोट केलं. तिथं रस्त्याखालच्या मोरीच्या दगडावर भिंगरी बसली होती. पाय अनवाणी, चपला हातात घट्ट धरलेल्या, जणू कोणी पळवून नेणार होतं. कपाळावर खरचटलं होतं. जिवंत होती. धडधाकट जिवंत होती.

पॉलिशवाल्यांना तिच्यापर्यंत जायचं होतं, पण दोन पावलं टाकली तेवढीच. ते रस्त्यात बसले. मग भिंगरीच उठून त्यांच्याकडे धावत आली. "बाबा! अहो तुम्ही कसे काय आलात? रडू नका, मला काही नाही झालं. बाबा, बघा ना माझ्याकडे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं! 

"माझंच चुकलं हो," ती त्यांच्याशेजारी मातीत बसून भरभर बोलायला लागली.  "मला वाटतं मी ब्रेक समजून दुसरंच काहीतरी दाबलं. पाय खाली गेला आणि गाडी थांबेचना. मग काय काय ओढलं, कुठं वळवलं, काही आठवत नाही. मला सांगत होते सगळे, अजून सराव कर म्हणून. बाबा, पोर मागं बसलेली असती तर? मी तिला घेऊन निघणार होते. मी आई आहे तिची आणि मला ब्रेक कुठला ते कळू नये? मी याला आत्ताच फोन केला. म्हटलं, ये लवकर, आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. मी पुन्हा गाडीला हात लावणार नाही. या जन्मात नाही."

पॉलिशवाल्यांच्या खांद्यावर मागून हात पडला. ड्रायव्हर वाकून त्यांच्या कानाशी आले. "गप्प बसा," ते हळूच म्हणाले. "पोरगी वाचली ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गाडी ओढून नेतो, ताटल्या साफ करतो, कोणाला काही कळणार नाही. उगाच घर कशाला मोडायचं?"

खरं होतं. कोणाला कळणार नव्हतं. आणि सांगितलं तर? लेक पुन्हा तोंड बघेल का? नातीला पाठवील का या घरी? आणि जावई! तो तर आता येतच असेल. मघाची भीती गेली नव्हती तोवर ही नवी येऊन बसली, आणि खरं सांगायचं तर हीसुद्धा काही लहान नव्हती. पॉलिशवाल्यांना तोंड मिटून बसावंसं वाटलं. फार वाटलं. पण शेजारी लेक पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, मला ब्रेक कुठला ते कळू नये, कळू नये मला.

"तू ब्रेकच दाबला होतास," पॉलिशवाले म्हणाले.

"नाही हो बाबा, ब्रेक असता तर..."

"ब्रेकच होता. लागला नाही, कारण मी त्याला मेण लावलं होतं. चाकाच्या आत. सकाळी. तू निघायच्या आधी. गंज धरला होता म्हणून लावलं, तीन हात लावलं. तुझं काही चुकलं नाही. मी केलं हे."

ड्रायव्हरनी कपाळाला हात लावला. भिंगरी बापाकडे बघत राहिली. तिनं त्यांचा हात धरला होता तो हळूहळू सोडला. मग ती उठली, गाडीपाशी गेली, पुढच्या चाकाशी उकिडवी बसली आणि आऱ्यांमधून आत बोट घातलं. चटका बसला तसं मागे घेतलं. बोटाचा वास घेतला. 

"माझी पोर मागच्या सीटवर असती, बाबा," ती न वळता म्हणाली.

"हो."

"मी मेले असते."

"हो," पॉलिशवाले म्हणाले. 

मग ती ड्रायव्हरकडे वळली. "काका, म्हणजे ब्रेक नव्हताच?"

"नव्हताच पोरी. असून नसल्यासारखा."

"आणि मी ते मधलं ओढलं ते?"

"तेच ओढायचं असतं. गिअर खाली आणलास का?"

तिनं आठवून बघितलं. "आणला. आवाज केवढा झाला. मग अजून खाली आणला."

"आणि भिंतीला गाडी आपोआप लागली, का तू लावलीस?"

"मी लावली," ती सावकाश म्हणाली, जणू हे तिलाही आत्ताच कळत होतं. "दुसरीकडे कठडा होता. म्हटलं भिंत बरी."

"मग ऐक," ड्रायव्हर म्हणाले. "या उतारावर माझे केस पिकले. अशा वेळी याहून जास्त काही करता येत नाही. मलाही आलं नसतं."

तिनं हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि पायात घातल्या. खालून एक भाड्याची गाडी घरघरत वर आली आणि जावई दार पुरतं उघडायच्या आधीच उतरला. कमी बोलणारा तो माणूस धावत, धापा टाकत आला. त्यानं बायकोचं कपाळ बघितलं, हात बघितले, गाडीचं सोललेलं अंग बघितलं. "लागलं का तुला? काय झालं? मी येतो म्हटलं होतं ना वर. कशाला निघालीस एकटी? अजून हात बसला नाही तुझा."

"हात बसलाय," भिंगरी म्हणाली. "ब्रेक नव्हता. उतारावर, वळणात, ब्रेक नव्हता. मी थांबवली गाडी."

"ब्रेक नव्हता? कसा नव्हता?"

तिनं बापाकडे बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती आणि रागही नव्हता. पॉलिशवाले भिंतीला धरून उठत होते.

"ते बाबा सांगतील," ती म्हणाली, आणि इतका वेळ आवरून धरलेली ती तेव्हा कुठं रडायला लागली.

पॉलिशवाले जावयासमोर उभे राहिले आणि सांगू लागले. लेक शेजारी रडत होती, आणि त्यांनी त्यातलं काहीही गाळलं नाही.